पोर्टिंग, 'प्रो' मॉडेल आणि 30 टक्क्यांचा दावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 50 सीसीची, शेतकी-घरगुती वर्गातली चेनसॉ आहे. तिच्यावर 20 इंची बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) चढवलाय आणि वाळलेलं कठीण लाकूड कापताना ती दमते. मफलर मोकळा केला, सिलिंडरचं पोर्टिंग (वायू आत-बाहेर जायची भोकं घासून बदलणं) केलं की 30 टक्के ताकद वाढते असं व्हिडिओंत दाखवतात. दुसरीकडे त्याच कंपनीचं, त्याच 50 सीसीचं 'प्रो' मॉडेल बरंच महाग आहे. तर इंजिनवर काम करून घ्यावं की प्रो मॉडेल घ्यावं, आणि सीसी सारखेच असतील तर जादा पैसे नेमके कशाचे?

मी ही मशीनं उघडतो, जोडतो, काहींचं पोर्टिंगही करतो. त्यामुळे 'इंजिनला हात लावू नका' असं सरसकट सांगणाऱ्यांतला मी नाही. पण या प्रश्नात ताकद हा एकच आकडा आहे आणि तो वाढला की कापणी वाढते, असं गृहीत धरलंय. गडबड तिथेच होते.

सॉ दमते म्हणजे काय होतं बघा. बार टेकवला, थोडा दाब दिला की आवाज बसतो आणि चेन मंदावते. म्हणजे भार आल्यावर आरपीएम पडतात. कागदावरचे किलोवॅट मिळतात ते साधारण 9,000 ते 10,000 आरपीएमच्या पट्ट्यात. तुमचं इंजिन कापताना 7,000 वर बसत असेल तर ती ताकद मशीनमध्ये आजही आहे, तुम्ही तिथपर्यंत पोहोचत नाही एवढंच. म्हणून ताकद किती वाढेल हे विचारण्याआधी आपलं इंजिन लाकडात किती आरपीएमवर चालतं हे बघायला हवं. मॉडिफिकेशन असो की जाहिरात, दोन्हीची परीक्षा याच प्रश्नावर होते.

बाकी उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. इंजिन जुन्या साध्या टू-स्ट्रोकचं आहे की नव्या स्ट्रॅटिफाइड (आधी निव्वळ हवा, मग मिश्रण) पद्धतीचं, कार्बोरेटरला स्क्रू आहेत की तो स्वतःच जुळवून घेणारा आहे, काम रोजचं आहे की महिन्यातून दोन दिवसांचं, यावर सल्ला पार उलटा होऊ शकतो.

आधी 'प्रो'बद्दल बोलू. स्टिलची एमएस 271 आणि एमएस 261 ही जोडी घ्या. दोन्ही 50.2 सीसी. 271 ची ताकद 2.6 किलोवॅट आणि वजन 5.6 किलो; 261 ची 3.0 किलोवॅट आणि 4.9 किलो, दोन्ही वजनं बार, चेन आणि इंधन वगळून. ताकदीतला फरक 15 टक्क्यांचा. पण पैसे मुख्यतः त्याचे नाहीत. 261 चा क्रँककेस मॅग्नेशियमचा आहे, सिलिंडर त्याच्यावर वरून बोल्टने बसतो आणि चार बोल्ट काढले की पिस्टन हातात येतो. 271 च्या वर्गात इंजिन हा एक सुटा ठोकळा असतो. क्रँकच्या बेअरिंगची अर्धी बैठक सिलिंडरच्याच ओतकामात, अर्धी खालच्या पॅनमध्ये, आणि हा सगळा ठोकळा प्लॅस्टिकच्या बॉडीत बसवलेला. पिस्टन बघायचा असेल तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. कधीतरी वापरणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. रोज सहा तास मशीन हातात धरणाऱ्याला 700 ग्रॅम कमी वजन आणि सोपी दुरुस्ती यांचेच पैसे वसूल होतात.

दुसऱ्या प्रकारची जोडी म्हणजे हस्कवार्नाची 565 आणि 572 एक्सपी. दोन्ही 70.6 सीसी, ढाचा एकाच घराण्यातला. ताकद मात्र 3.7 आणि 4.3 किलोवॅट. इथे कंपनीने एकाच आकाराच्या इंजिनातून दोन पायऱ्या काढल्या आहेत. ही फसवणूक नाही. उत्पादनखर्च विभागायची जुनी रीत आहे. पण सीसी बघून खरेदी करणाऱ्याला हे माहीत नसतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. खालच्या पायरीवरचं मशीन वरच्या पायरीइतकं मोकळं करता येतं का, हा प्रश्न अशा जोडीत विचारण्यासारखा आहे. 271 आणि 261 च्या जोडीत तो जवळजवळ निरर्थक आहे, कारण पोर्टिंग करून 700 ग्रॅम वजन उतरत नाही.

आता जाहिरातीतले आकडे. एकच ताकद किलोवॅटमध्ये 5.0, ब्रिटिश हॉर्सपॉवरमध्ये 6.7 आणि मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये 6.8 होते, तेव्हा दोन कागदांची तुलना कायम किलोवॅटमध्ये करा. 'कमाल 14,000 आरपीएम' हा मोकळ्या हवेतला वेग असतो. त्यावरून कापणीबद्दल काहीही कळत नाही. स्वस्त मशीनवर 58 किंवा 62 असं ठळक छापलेलं असतं, त्याला सीसी समजू नका. पिस्टनचा व्यास 45 मिमी आणि स्ट्रोक 32 मिमी असेल तर 0.785 गुणिले 45 गुणिले 45 गुणिले 32, म्हणजे 50.9 सीसी होतात, मग स्टिकर काहीही म्हणो.

एक दावा जरा सावकाश सोडवून बघू, कारण खरा असूनही तो भुलवू शकतो. स्टिलची एमएस 500आय ही इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची सॉ: 79.2 सीसी, 5.0 किलोवॅट, 6.2 किलो. तिची चेन 0 ते 100 किमी प्रतितास वेग 0.25 सेकंदांत गाठते अशी जाहिरात आहे. 100 किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. या वर्गात सर्रास वापरली जाणारी 3/8 इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) चेन आणि 7 दातांचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, धरला तर क्रँकच्या एका फेऱ्यात चेन सुमारे 13 सेंटिमीटर सरकते. म्हणजे हा वेग यायला 12,800 च्या आसपास आरपीएम लागतात. हा वेग हवेतला झाला. लाकडात 9,500 वर बसलेली तीच चेन 74-75 किमी प्रतितास वेगाने धावते. मग हा प्रवेग निरुपयोगी का? अजिबात नाही. पडलेल्या झाडाच्या फांद्या उडवताना दर दोन सेकंदांनी ट्रिगर सोडावा-दाबावा लागतो, तिथे तो क्षणाक्षणाला उपयोगी पडतो. पण जाड ओंडका सलग कापणाऱ्याला त्याच मशीनमधले 5.0 किलोवॅट आणि 6.2 किलो हे रूक्ष आकडे जास्त मोलाचे. जाहिरात बहुतेकदा खोटं बोलत नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी कामाबद्दल बोलत असते.

आता इंजिनवरच्या कामाकडे येऊ. सुरुवात मफलरपासून, कारण कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. कारखान्यातून आलेला मफलर आवाज, उत्सर्जन आणि ठिणग्या या तिन्हींसाठी आवळलेला असतो. मी मफलर काढून एक्झॉस्ट पोर्टचं क्षेत्रफळ मोजतो आणि मफलरच्या तोंडाशी ताडून बघतो. तोंड पोर्टच्या निम्म्याहून कमी असेल तर मोकळं करण्यात अर्थ आहे. 70-80 टक्क्यांपर्यंत नेलं की बस्स. त्यापुढे ताकद वाढत नाही, फक्त आवाज वाढतो, आणि या मशीनचा आवाज कानाशी आधीच 100 डेसिबलच्या वर असतो. नवं भोक पाडताना गरम वायू प्लॅस्टिकवर, तेलाच्या टाकीवर किंवा पुढच्या हातावर येणार नाही हे बघा. ठिणग्या अडवणारी जाळी फेकून देऊ नका. वाळलेल्या गवतात जाळीविना मशीन चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

पण मफलर उघडणं हे अर्धंच काम. इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रणच पिस्टनला थंड ठेवतं आणि वंगणही पुरवतं. लीन चालवलेल्या मशीनचा मफलर काढून पोर्टमधून आत बघा: पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभ्या ओरखड्यांची चंदेरी-काळी पट्टी आणि रिंग खाचेत चिकटून बसलेली. इनटेककडची बाजू मात्र नव्यासारखी गुळगुळीत. बाकावर असा पिस्टन आला की मी पहिल्यांदा मफलरच बघतो, आणि बऱ्याचदा तो कोणीतरी उघडलेला असतो.

म्हणून मफलरनंतर कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त वेगाला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, बाजूला न्यायचाच. पूर्ण रेस देऊन मशीन हवेत धरलं की आवाज किंचित फाटका, भरभरा यायला हवा आणि लाकडात शिरताच स्वच्छ व्हायला हवा. यालाच फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. इथे एक सापळा आहे. बऱ्याच नव्या मशीनमध्ये इग्निशन कॉइलला आरपीएमची मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा गाठली की कॉइल स्पार्क गाळते आणि आवाज तसाच भरभरा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं मिश्रण रिच आहे, तो स्क्रू आणखी आवळतो, आवाज तोच राहतो, पुन्हा आवळतो. प्रत्यक्षात मिश्रण केव्हाच लीन झालेलं असतं. त्यामुळे अशा मशीनवर फक्त कानावर विसंबू नका. प्लगच्या वायरवर लावायचा टॅकोमीटर घ्या आणि मर्यादेच्या 500 ते 1,000 आरपीएम खाली रिच बाजूला थांबा.

हस्कवार्नाचं ऑटोट्यून आणि स्टिलचं एम-ट्रॉनिक हे जुळवणीचं काम स्वतः करतात. थोड्या मोकळ्या केलेल्या मफलरला ते सांभाळून घेतात, पण त्यांच्या सुधारण्यालाही सीमा असते. पोर्टिंग भरपूर झालं की ती ओलांडली जाते.

आता पोर्टिंग. 9,500 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 6.3 मिलिसेकंदांत होतो. त्यात जळलेला वायू बाहेर, नवं मिश्रण आत आणि कॉम्प्रेशन, सगळं उरकायचं असतं. साधारणपणे पिस्टन वरच्या टोकापासून 100 अंशांवर आला की एक्झॉस्ट उघडतो आणि 120 च्या आसपास ट्रान्सफर पोर्ट (नवं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणारे) उघडतात. मधल्या 20 अंशांत दाब उतरतो. एक्झॉस्टचं छत वर घासलं की तो आधी उघडतो आणि उंच आरपीएमला इंजिन मोकळं पळतं. पण ज्वलनाचा दाब पिस्टनला ढकलत असतानाच दार उघडल्यामुळे खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. 20 इंची बार पूर्ण बुडवून, दाब देऊन 7,000 वर कापणाऱ्या माणसाने छत उचललेलं इंजिन घेतलं तर त्याला मशीन आधीपेक्षा अशक्त वाटेल, कागदावर ताकद वाढलेली असूनही. व्हिडिओतला माणूस छोटा बार आणि मऊ लाकूड घेऊन 10,000 च्या वर राहतो, म्हणून त्याला फायदा दिसतो.

म्हणून मी कामाच्या मशीनमध्ये उंचीला क्वचितच हात लावतो. पोर्टची रुंदी थोडी वाढवायची, तीही रिंगचं तोंड पोर्टच्या कडेपासून सुरक्षित अंतरावर राहील एवढीच. कडा नीट गोलावायच्या, नाहीतर रिंग अडकते आणि सिलिंडरचा निकासिल (आतला कठीण लेप) थर कडेपासून पापुद्र्यासारखा सुटतो. त्याहून जास्त उपयोग स्क्विशचा होतो, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या कडेत आणि सिलिंडरच्या छतात राहणाऱ्या फटीचा. मापायची रीत सोपी आहे. सोल्डरची मऊ तार प्लगच्या भोकातून आत घालायची, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवायचं आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वर न्यायचा. हे पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना करायचं, म्हणजे पिस्टन डुलत नाही. चपटं झालेलं टोक मायक्रोमीटरने मोजायचं. 0.9 ते 1 मिमी येत असेल तर खालची गॅस्केट बदलून किंवा काढून 0.5 पर्यंत आणता येतं. त्याखाली जाऊ नये, कारण गरम झाल्यावर आणि आरपीएम चढल्यावर सगळं थोडं ताणतं. याने कॉम्प्रेशन वाढतं आणि खालच्या आरपीएमलाही जोर येतो. पण सिलिंडर 0.5 मिमी खाली आला की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन्ही उशिरा उघडतात (34 मिमीच्या स्ट्रोकला पावणेदोन अंशांच्या आसपास) आणि इनटेक लवकर उघडतो. तेवढी भरपाई करायची की नाही, यात कारागिराची अक्कल दिसते. आणि हो, 271 सारख्या रचनेत ही गॅस्केट मुळात नसते, बेअरिंगची बैठकच सिलिंडरमध्ये असते. तिथे 'गॅस्केट काढून देतो' म्हणणाऱ्याला मशीन देऊ नका.

कॉम्प्रेशनचे '200 पीएसआय' वगैरे आकडे ऐकून हुरळू नका. टेस्टरचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी नसून गेजच्या टोकाशी असेल तर मधल्या नळीची जागा ज्वलनकक्षात मिळते आणि आकडा कमी दिसतो. इतक्या छोट्या इंजिनात हा फरक मोठा पडतो. एकाच गेजवर काम करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा घ्या, तेवढाच उपयोगाचा.

स्ट्रॅटिफाइड इंजिनात आणखी सांभाळावं लागतं. ट्रान्सफरमध्ये आधी निव्वळ हवा भरली जाते आणि जळालेल्या वायूच्या मागून ती हवा जाते, मिश्रण तिच्यामागे. म्हणून न जळलेलं पेट्रोल कमी वाया जातं. पिस्टनच्या खिडक्या आणि पोर्ट यांची ही जुळणी आहे. जुन्या इंजिनांची मापं घेऊन तिथे घासाघासी केली की इंधनाची बचत जाते आणि ताकदही धड येत नाही. फ्लायव्हीलची चावी घासून टायमिंग काही अंश पुढे घेणं, एअर फिल्टर बदलणं ही बारीकसारीक कामं. त्यांच्यासाठी मुद्दाम मशीन उघडू नये.

30 टक्के होतात का? खूप आवळलेल्या मशीनमध्ये, उंच आरपीएमला, होऊ शकतात. पण 2.6 वर 30 टक्के म्हणजे 3.4 किलोवॅट, आणि 59 सीसीची एमएस 362 कारखान्यातूनच 3.5 देते. ती ताकद पेलायला तिचा क्लच, बेअरिंग आणि कूलिंग बनवलेलं आहे, तुमच्या मशीनचं नाही. शिवाय गॅरंटी जाते. अमेरिकेत उत्सर्जनाची यंत्रणा बिघडवणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे आणि युरोपात 2019 पासून हातातल्या नव्या इंजिनांना स्टेज 5 ची उत्सर्जनमर्यादा आहे. मफलर आणि कार्बोरेटरचे स्क्रू जास्त फिरू न देणाऱ्या टोप्या याच नियमांमुळे तशा असतात, कंपनीच्या हट्टाखातर नाही.

या सगळ्याच्या आधी चेन. 20 इंची बार पूर्ण बुडतो तेव्हा किती दात एकाच वेळी लाकूड ओढतायत याचा विचार करा. 50 सीसीला 16 इंच हे सुखाचं माप आहे, 18 ही हद्द. लांब बार हवाच असेल तर दातांमध्ये जास्त अंतर असलेली स्किप चेन लावा. प्रत्येक दाताची धार आणि पुढच्या रेकरची (दात किती खोल घुसेल ते ठरवणाऱ्या उंचवट्याची) उंची तपासा. सर्वसाधारण चेनला रेकर दातापेक्षा 0.65 मिमी खाली असतो. धार गेली म्हणून रेकर जास्त घासणारे खूप बघितलेत. मग दात मोठा घास घेतो, इंजिन बसतं, आणि दोष इंजिनला लागतो. भुसा पिठासारखा येत असेल तर धार नाही, चौकोनी चिपा येत असतील तर इंजिनकडे बघा.

मोजायचं कसं? गोल ओंडक्यावर नाही, कारण तो दर कापाला बारीक होतो आणि मध्येच गाठ येते. सरळ दाण्याची चौकोनी तुळई घ्या. इंजिन गरम करा, दोन कॉन्फिगरेशन आलटून पालटून कापा, प्रत्येक वेळी सेकंद आणि लाकडातले आरपीएम दोन्ही लिहा. पोर्टिंगच्या व्हिडिओत 'आधी'च्या कापाला आणि 'नंतर'च्या कापाला तीच चेन, तेवढीच धारदार होती का, हे कोणी दाखवत नाही. स्टिलच्या टिंबरस्पोर्ट्स स्पर्धेत 'स्टॉक सॉ' नावाचा प्रकार आहे, त्यात सगळ्यांना कारखान्यातल्यासारखीच एमएस 661 देतात. मशीन सारखंच असूनही खेळाडूंच्या वेळा वेगवेगळ्या येतात, तो फरक हाताचा.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावीन. नवी किंवा नीट धार लावलेली चेन आणि 16 इंची बार लावून, लाकडातले आरपीएम मोजा. 9,000 च्या आसपास आले आणि वेग पुरला तर विषय संपला. तरीही कमी वाटलं, मफलरचं तोंड खरंच बारीक असलं आणि तुमच्याकडच्या नियमांत बसत असलं, तर मफलर आणि एच स्क्रू एवढंच करून घ्या. या रचनेच्या मशीनचं पोर्टिंग मी स्वतः करून देणार नाही. त्या पैशांत भर घालून वरच्या वर्गाचं मशीन घेतलेलं बरं. रोज कापत असाल तर 50 सीसीचं प्रो मॉडेल वजनासाठी घ्या, ताकदीसाठी नाही. आणि 20 इंची बार वर्षभर बुडवायचाच असेल तर दोन्ही पर्याय सोडा, 60-70 सीसीचं मशीन बघा. आरपीएम मोजलेत की लाकडाची जाडी आणि चेनचा पिच यांच्यासह इथेच लिहा, मग स्प्रॉकेट बदलायचा का ते सांगता येईल.